पोह्याच्या ठेल्यावरचा पोट्टा: तक्रार करू का?

मानेवाडा_रिंगरोड:

नमस्कार. मी इथे नुसतं वाचते, लिहीत नाही. आज लिहितेय कारण घरी विषय काढला की नवरा म्हणतो "तुला काय करायचं आहे?" आणि कामावर काढला की सगळे मोबाइलमध्ये डोकं घालतात.

आमच्या घराजवळ रिंगरोडला तर्री-पोह्याचा ठेला लागतो. सकाळी सहाला सुरू, साडेअकरापर्यंत सगळं खल्लास. मी एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे. आठला घरून निघते आणि आठवड्यातून दोन-तीनदा तिथेच नाश्ता करते. मे महिन्यापासून तिथे एक मुलगा दिसतो. प्लेटा विसळतो, कांदा चिरतो, चण्याचं पातेलं उचलून देतो. मराठी कळते त्याला, पण बोलतो हिंदीच. "ताई, तर्री और डालूं?" हिशोब मात्र तोंडावर. चार जणांचे पोहे, दोन समोसे, तीन चहा, शंभराच्या दोन नोटा दिल्या की माझं मनातलं गणित होईपर्यंत याने सुटे पैसे हातावर ठेवलेले असतात. बोटं सदा पाण्यात, त्यामुळे पांढरी पडून सुरकुतलेली. म्हाताऱ्या माणसाची बोटं लहान हाताला लावल्यासारखी दिसतात.

मे मध्ये विचारलं तेव्हा ठेलेवाला म्हणाला, "भाचा आहे मॅडम, सुट्ट्या लागल्या म्हणून आला." ठीक आहे म्हटलं. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून जूनभरही मी गप्प. १२ जूनला बालकामगार विरोधी दिन असतो, आमच्या दवाखान्याच्या ग्रुपवर कोणीतरी त्याचं पोस्टर टाकलं. मी त्याला अंगठा दिला. त्याच सकाळी मी त्याच्याच हातची प्लेट घेऊन पोहे खाल्ले होते, हे मला रात्री आठवलं.

जुलै गेला, श्रावण गेला. परवा तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं सजून, लाकडी बैल ओढत त्या ठेल्यासमोरून जात होती. हा बादलीत हात घालून बघत उभा. मी वय विचारलं तर ताडकन "चौदा" म्हणाला आणि लगेच मालकाकडे पाहिलं. पण त्या दिवशी त्याचा वरचा सुळा नुकताच पडलेला होता, खाचेत सारखी जीभ घालून बघत होता. माझ्या मुलीचा सुळा अकराव्या वर्षी पडला. चौदा कसली?

तर माझे प्रश्न. फोन केला तर याला रिमांड होममध्ये टाकतील का? याच्या आईवडलांना अटक होते का? खरंच मामा असेल तर? आणि ठेलेवाल्याला कळेल का कोणी फोन केला? रोज जायचा रस्ता तोच आहे.

सदरवाला:

ताई, मन मोठं आहे तुमचं. पण पोट्टा दोन वेळ जेवून राहिला, रात्री छपराखाली झोपून राहिला. तुम्ही फोन कराल, गाडी येईल, फोटो निघतील, पेपरात "सुटका" छापून येईल. मग? त्याच्या घरच्या पोळ्या तुम्ही टाकणार का? मी स्वतः पाचवीपासून बाबांच्या किराणा दुकानात पुड्या बांधल्या. आज तीन दुकानं आहेत. कामानं कोणी मरत नाही.

एलएलबी_तिसरं_वर्ष:

सदरवाले काका, शाळा सुटल्यावर बापाच्या दुकानात पुड्या बांधणं आणि हे, यात कायदाच फरक करतो.

बालकामगारांचा मूळ कायदा १९८६ चा. तेव्हा चौदाच्या आतल्या मुलांना फक्त ठराविक धंद्यांमध्ये बंदी होती. २०१६ च्या दुरुस्तीनं ती सगळ्याच कामांना लागू झाली. सूट दोनच. एक बाल कलाकाराची, दुसरी घरच्या धंद्यात मदत करण्याची. आणि गंमत इथे आहे. "कुटुंब" म्हणजे कोण, याच्या व्याख्येत आईबाप आणि भाऊबहीण यांच्यासोबत काका, आत्या, मामा, मावशी हेही आहेत. म्हणूनच प्रत्येक टपरीवर एक तरी "भाचा" सापडतो.

पण ताई, तुमच्या ठेलेवाल्याला सख्खा मामा असूनही फायदा नाही. घरच्या धंद्यातली मदत शाळेनंतर किंवा सुट्टीतच चालते. २०१७ च्या नियमांप्रमाणे संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात तीही नाही, दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नाही आणि मोठ्या माणसाच्या जागी पोरगं उभं करायचं नाही. तुम्हीच सांगता ठेला सहाला लागतो. मामा असो नाहीतर आजोबा.

शिक्षा मालकाला: सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. दखलपात्र गुन्हा आहे, पोलिसांना वॉरंट लागत नाही. आईवडलांना पहिल्या वेळी शिक्षा नाही. आणि पोरगा खरंच चौदाचा निघाला तरी मालक मोकळा सुटतो असं नाही. बाल न्याय कायद्यात मूल म्हणजे अठराच्या आतलं. कामासाठी बांधून ठेवलं किंवा त्याची कमाई अडवून ठेवली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड आहे.

रिमांड होमची भीती नको. ते गुन्ह्यात अडकलेल्या मुलांसाठी. याला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर नेतील आणि गरज असली तर बालगृहात ठेवतील. फोन १०९८ वर करा, मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. नाव सांगायचं नसेल तर तसं सांगा.

कूलरवाला_नंदनवन:

ताई, फोन करा. पण फोन करून मोकळ्या होऊ नका. मी त्या पोट्ट्याच्या जागी होतो म्हणून लिहून राहिलो. लांबेल जरा.

२००७ साल. मी दहा वर्षांचा, चौथी पास. आमचं गाव कुही तालुक्यातलं, गोसेखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रात. जमीनवाल्यांना मोबदल्याची आशा होती. आमच्याकडे जमीनच नव्हती, दुसऱ्याच्या धानात मजुरी होती. बहिणीच्या दुखण्यात बाबानं चार हजारांची उचल घेतली, कॉटन मार्केटजवळच्या एका चहाच्या हाटेलवाल्याकडून. उचल फिटेपर्यंत मी राहायचं. महिना पाचशे, त्यातले तीनशे उचलीत कापायचे, दोनशे बाबाला. तीनशेनं चार हजार चौदा महिन्यांत फिटतात, हे आता शेंबडं पोरगंही सांगेल. मी सव्वादोन वर्षं राहिलो. उचलीचा हिशोब कोणत्याच कागदावर नव्हता. फुटलेला ग्लास चार रुपये, हे मात्र मालकाला तोंडपाठ.

भाजीच्या गाड्या रात्रीच येतात. साडेतीनला उठायचं, भट्टी पेटवायची. झोपायची जागा भट्टीच्याच ओट्याखाली. थंडीत लय भारी, एप्रिल-मे मध्ये नागपूरच्या माणसाला सांगायची गरज नाही. तारेच्या स्टँडात सहा ग्लास, दोन हातांत दोन स्टँड, खाली पालापाचोळा आणि चिखल, वरून हमाल ओरडून राहिले. अडत्यांच्या गादीवर चहा पोचवायचा आणि मागच्या फेरीचे ग्लास मोजून आणायचे. एक अडत्या रोज विचारायचा, "शाळेत जाते का बे?" मी म्हणायचो, "हाव." त्याचं समाधान व्हायचं, मला दोन रुपये भेटायचे. दोन वर्षांत त्यानं कधी हे नाही विचारलं की पहाटे चारला चहा आणणारं पोट्टं शाळेत कोणत्या वेळी जाते.

हाटेल-धाब्यावर आणि घरकामाला चौदाच्या आतली पोरं ठेवायची बंदी १० ऑक्टोबर २००६ लाच आली होती. म्हणजे मी लागलो त्या दिवसापासूनच माझं काम बेकायदेशीर. हे मला आयटीआयला असताना समजलं. तेव्हा तर खाकी कपड्यातले लोकही आमच्याकडे चहा प्यायचे आणि तो मीच नेऊन द्यायचो.

धाड पडली २००९ च्या पावसाळ्यात. मी पळालो. मालकानं दोन वर्षं एकच घोकून घेतलं होतं, "पोलीस आले का तुले नेते." वांग्याच्या पोत्यांमागे लपलो. एका बाईनं हाताला धरून काढलं, त्यांच्या मागे कॅमेरावाला. मला वाटलं ग्लास फोडले म्हणून धरलं. मी रडत रडत सांगून राहिलो, "बाई, आठच फुटले, बाकीचे त्या दुसऱ्या पोट्ट्यानं फोडले." मग दवाखान्यात नेऊन मनगटाचा एक्स-रे काढला. हाडावरून वय काढतात. मला कोणी सांगितलं नाही, मी समजलो हात मोडला आहे आणि आता हाही खर्च उचलीत चढते.

एका संस्थेत सव्वीस दिवस होतो. मार नव्हता, जेवण बरं होतं, खोटं कायले बोलू. दिवसभर करायला काही नव्हतं एवढंच. बाबा आला, "कामाले लावणार नाही" असं लिहिलेल्या कागदावर अंगठा दिला आणि मला घेऊन गेला. त्या सव्वीस दिवसांत मला वय दहा-बारा जणांनी विचारलं. "उचल किती बाकी आहे?" हे एकानंही नाही.

ते विचारलं मालकानं. घरी आला होता, दसऱ्याच्या आसपास. म्हणे पोट्टा गेला, पैसे कुठाय?

दिवाळी झाली आणि आम्ही सगळेच खापरखेड्याकडच्या एका विटभट्टीवर गेलो. भट्टीवाल्याकडून नवी उचल घेऊन हाटेलवाल्याची जुनी फेडली. तिथे हजार विटांमागे मजुरी असते, आणि ती बाबा अन् आईच्या नावावर. पोट्ट्यांचं नावच कुठे नाही. धाड पडली असती तरी कागदावर मी भट्टीवर नव्हतोच. मी आणि छत्तीसगडची चार-पाच पोरं कच्च्या विटा पलटवायचो. ओली वीट उन्हात एका अंगानं वाळली की दुसऱ्या अंगावर करायची. त्याला हलकंच पोट्टं लागते, मोठ्या माणसाचा पाय पडला का वीट दबली. माझी सुटका झाली ती अशी, चहावरून विटेवर.

तिथून काढलं एका गुरुजीनं. जिल्हा परिषदेच्या शाळेतले, लुनावर यायचे. भट्टीमालकाशी कधी भांडले नाहीत. त्याच्याच खाटेवर बसून त्याचाच चहा प्यायचे आणि पोरांना खडूनं विटेवर अक्षरं काढायला लावायचे. त्यांनी बाबाला पहिल्याच हप्त्यात विचारलं, "किती घेतले?" मग वहीच्या पानावर लिहायला सुरुवात केली. किती विटा पाडल्या, किती मजुरी झाली, किती कापले. दर शनिवारी भट्टीवाल्याची त्यावर सही. तो हसत हसत करायचा, त्याला वाटे मास्तरचा टाइमपास आहे. मे च्या शेवटी तो म्हणाला अजून तीन हजार निघतात, तेव्हा गुरुजीनं ते पान काढलं. त्यावर त्याच्याच सह्या. हिशोब शून्य झाला.

त्याच वर्षी १ एप्रिलला शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला होता. गुरुजी म्हणाले, आता वयाप्रमाणे वर्ग भेटते. तेरा वर्षांचा, चौथी पास, एकदम सातवीत बसलो. समाजकल्याणच्या वसतिगृहात नंबर लागला. अपूर्णांक डोक्यावरून जात होते, इंग्रजीचं तर विचारूच नका, पण दोन वेळ ताट समोर होतं आणि उचल नव्हती. दहावीला ४९ टक्के. मग आयटीआय, इलेक्ट्रिशियन.

आणखी एक गोष्ट नंतर समजली. सुप्रीम कोर्टानं शिवकाशीच्या फटाका कारखान्यांतल्या पोरांच्या खटल्यात, एम. सी. मेहता म्हणून आहे, १९९६ लाच सांगितलं होतं की मालकाकडून पोरामागे २० हजार वसूल करून त्याच्या नावानं ठेवायचे. मला वीस रुपये नाही भेटले. वर त्या एलएलबी ताईनं जे लिहिलं ते सगळं बरोबर आहे. पण ते आपोआप होत नाही, मागावं लागते.

सदरवाले काका, तुमचा राग नाही. कामानं मरत नाही हे खरं आहे, मीही नाही मेलो. पण तुमच्या बापानं तुमच्यावर उचल घेतली नव्हती. तुम्ही दुकानातून उठून शाळेत जाऊ शकत होता.

आता माझं स्वतःचं सांगतो, म्हणजे मी लय शहाणा आहे असं वाटायला नको. माझं कूलरचं दुकान. होळीपासून जूनपर्यंत जीव काढतात गिऱ्हाईकं. गवत बदला, पंप बदला, तिसऱ्या माळ्यावर चढवून द्या. याच धंद्यात सगळ्यात जास्त पोट्टे लागतात, अन् नेमकं तेव्हाच शाळेची उन्हाळी सुट्टी. गेल्या मार्चमध्ये वस्तीतली एक बाई पोराला घेऊन आली. सातवीतला. नवरा वारलेला. म्हणाली, "दादा, याले ठेवून घ्या, दिवसाचे शंभर दिले तरी चालते." मला एक मिनिट मोह झाला. खरंच झाला. माझे दोन गडी गावी गेलेले, बाहेर अकरा कूलर रांगेत. मग त्याच्या पायात पाहिलं, स्लीपर होती, आणि जमीन पाण्यानं ओली. कूलरच्या करंटनं नागपुरात दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी जाते. नाही म्हटलं. पण नुसतं नाही म्हटलं असतं तर ती शेजारच्या दुकानात गेली असती, त्यानं ठेवलंच असतं. म्हणून तिला बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून दिला. एक पालक असलेल्या पोराला महिन्याला २,२५० भेटतात. अर्ज मंजूर व्हायला लय महिने लागले, दोनदा कागद परत आले. तोपर्यंत तिला माझ्या बायकोच्या ओळखीनं एका मेसमध्ये पोळ्यांचं काम लावलं. पोट्टा आता आठवीत आहे. त्याला कूलरमधलं सगळं समजते, संध्याकाळी येऊन उभा राहते अन् पाहते. हात लावू देत नाही.

तर ताई, फोन करायच्या आधी पोट्ट्याला एकट्यात दोन गोष्टी विचारा. गाव कोणतं, आणि बापानं पैसे घेतले का. मालकासमोर नाही. १०९८ वर हे दोन्ही सांगा, लिहून घ्यायला लावा. धाडीनंतर एफआयआरचा नंबर मागा. नुसता पंचनामा करून सोडून देतात कधी कधी. घराची चौकशी झाल्याशिवाय बापाच्या ताब्यात देऊ नका असा एक साधा अर्ज बालकल्याण समितीला तुम्हीही देऊ शकता. अन् फोन केला त्या दिवशी पोहे खाऊ नका तिथे. तुमचा चेहरा सांगून देईल.

पेन्शनर_मास्तर:

कूलरवाले भाऊ, तुमचे गुरुजी कोण ते विचारत नाही, पण असा लुनावाला प्रत्येक केंद्रात एखादा असायचा. आता अशा कामाला "बालरक्षक" असं नाव आहे. काम तेच.

ताई, शाळेचं मी सांगतो. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, आधार नाही, यातल्या कोणत्याही कारणानं चौदाच्या आतल्या मुलाला शाळा नाकारू शकत नाही. वर्षाच्या मध्ये आला तरी घ्यावं लागतं. मुख्याध्यापक कुरकुर करतील, पटाचं नाही तर शाळेच्या पोर्टलचं कारण सांगतील. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा दाखवा, आवाज न चढवता. आणि शाळेतलं नाव असलेलं मूल न कळवता सलग तीस दिवस गैरहजर राहिलं तर मुख्याध्यापकानं ते वर कळवायचं असतं. त्या मुलाच्या गावच्या शाळेनं कळवलं होतं का, हा प्रश्नही एकदा कोणीतरी विचारायला हवा. आम्ही मास्तर लोक हजेरीत भरघोस उदार असतो.

सुळ्यावरून आठवलं. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, टाटांनी १८७७ साली काढलेल्या. लहानपणीच लागले, अर्ध्या पाळीला. तेव्हाच्या कायद्यात नऊ वर्षांच्या खालचं मूल घ्यायचं नाही, एवढंच होतं. जन्माची नोंद कोणाकडे? आजोबा सांगायचे, डॉक्टर तोंड उघडायला लावून दात पाहायचा. त्यांच्या आईनं त्यांना सांगून ठेवलं होतं, हलणारा दात जिभेनं दाबून धर. शंभर वर्षं झाली, ताईंच्या पोराचीही जीभ तिथेच आहे.

मानेवाडा_रिंगरोड:

तुम्हा सगळ्यांची आभारी आहे. मास्तर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मला रात्री झोप आली नाही. भाऊ, तुमचं मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ठेल्यावर स्वतः आला. त्यानं मालकाला यूपीआय चालत नाही म्हणून बोलण्यात गुंतवलं, मी मुलाशी बोलले. मध्य प्रदेशातला, शिवनीकडचा आहे. मामा नाही, त्याच्या गावातल्या एकाच्या ओळखीनं आला. "पापा ने आठ हजार लिए हैं।" हे त्यानं इतक्या सहज सांगितलं, जसं काही पोह्यांचा भाव सांगतोय. पाचवीपर्यंत शिकला आहे. आज फोन करते.

सदरवाला:

करा ताई. पण शिवनीला परत पाठवतील, तिथून तो दुसऱ्या शहरात जाईल. माझं म्हणणं एवढंच होतं.

कूलरवाला_नंदनवन:

काका, हे तुम्ही पहिल्यांदा बरोबर बोलले. यालाच तर भिऊन राहिलो मी.

मानेवाडा_रिंगरोड:

पाच आठवड्यांनी लिहितेय, दसऱ्याची सुट्टी आहे म्हणून वेळ मिळाला.

फोन केल्यावर चौथ्या दिवशी लोक आले. मी दवाखान्यात होते, नवऱ्यानं लांबून पाहिलं. मुलगा पळाला नाही. हातातली प्लेट आधी विसळून ठेवली, मग गाडीत बसला. वैद्यकीय तपासणीत वय अकरा ते बारा निघालं. एफआयआरचा नंबर मागायला मी तीनदा गेले. पहिल्यांदा "साहेब नाहीत", दुसऱ्यांदा "तुम्ही कोण त्याच्या?", तिसऱ्यांदा वर एलएलबी ताईनं लिहिलेलं सगळं एका कागदावर उतरवून नेलं, तेव्हा मिळाला. आठ हजारांचं तक्रारीत लिहून घेतलं आहे, हे मी स्वतः वाचलं.

बालगृहात मला भेटू दिलं नाही. नात्यातली नाही म्हणून. त्यांचंही बरोबर असेल. समितीला अर्ज दिला होता, त्यावर एक मॅडम शांतपणे बोलल्या. म्हणाल्या शिवनीच्या समितीकडून घरचा अहवाल मागवला आहे, तो आल्यावर तिकडेच पाठवणार, इथे ठेवता येत नाही. गेल्या बुधवारी पाठवला. सोबत माणूस दिला होता. मालकाकडून वसूल करून मुलाच्या नावानं ठेवायच्या पैशांचं, बँकेतल्या खात्याचं विचारलं तर "प्रक्रिया सुरू आहे". मास्तर, तुमचं ऐकून मी त्याच्या गावच्या शाळेचा नंबर शोधला. तिथल्या मुख्याध्यापक बाईंनी हजेरीपुस्तक पाहिलं. जुलैपर्यंत हा त्यांच्याकडे हजर होता म्हणे. माझ्याकडे मे पासून प्लेटा विसळत होता. बाई जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, सहावीत बसवते.

ठेला पंधरा दिवस बंद होता. आता परत लागतो. मालक स्वतः प्लेटा विसळतो. मी त्या रस्त्यानं जाते, तो माझ्याकडे पाहतो. त्याला कळलं आहे की नाही, मला माहीत नाही. पोहे मी घरीच करते आता. तर्री जमत नाही तशी.

कूलरवाला_नंदनवन:

ताई, लय केलं तुम्ही. त्या बाईंचा नंबर सांभाळून ठेवा. अन् भाऊबीज झाली का पहिल्या सोमवारी त्यांना फोन लावा, विचारा पोट्टा आज वर्गात आहे का. भट्ट्यांवर न्यायला गाड्या तेव्हाच येतात.